ऑइल बदललं की गाडीखाली पुन्हा तोच डाग: गळती नेमकी कुठून, ते कसं शोधायचं

घरी ऑइल आणि फिल्टर बदलणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते. काम नीट झालं, गाडी चालू केली, डॅशबोर्डवरचा किटलीचा लाल दिवा (ऑइलच्या दाबाचा) विझला, ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळीही बरोबर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर गाडीखाली नाण्याएवढा काळपट डाग. मग बोल्ट आणखी थोडा आवळला जातो, दोन-चार दिवस जमीन कोरडी राहते आणि डाग पुन्हा येतो. पुढच्या वेळी ऑइल बदललं की हेच सगळं पहिल्यापासून.

माझ्या गाडीत हे लागोपाठ तीन वेळा झालं. तिन्ही वेळा ड्रेन बोल्टला (ऑइल काढायच्या छिद्राच्या बोल्टला) नवं वॉशर घातलं होतं, बोल्ट व्यवस्थित आवळला होता, तरी आठवड्याच्या आत बोल्टच्या डोक्यावर थेंब लोंबायला लागायचा. कारण चौथ्या वेळी सापडलं. ते खाली सविस्तर सांगतो, कारण तीच चूक फिल्टरच्या जागीही होते आणि तिथे झाली तर इंजिनावर बेतते.

त्याआधी एक कळकळीची विनंती. गळती दिसली की हात आधी पान्याकडे जातो. तो आवरा. आवळून थेंब थांबला तरी कारण तसंच आत राहतं, आणि चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइल साठवणारं भांडं, ॲल्युमिनियमचं असेल तर दर वेळच्या ‘अजून थोडंसं’मुळे आटे ताणले जातात. आधी पुसायचं, मग बघायचं, पाना त्यानंतर.

खरंच गळतंय का?

पहिल्या रात्रीच्या डागावरून काहीच ठरवू नका. फिल्टर सोडवला की त्यातलं ऑइल इंजिनाच्या अंगावरून ओघळतं आणि खालच्या लोखंडी पट्टीत, ब्रॅकेटच्या खाचेत, प्लास्टिकच्या तळपत्र्यावर साचतं. फिल्टर आडवा बसवलेला असेल तर हे होणारच. नंतर गाडी हलली, इंजिन तापलं, ऑइल पातळ झालं की हे साचलेलं तेल एकदोन दिवस ठिपकत राहतं. तळपत्र्याला आतून फोम चिकटवलेला असेल तर तो स्पंजासारखं ऑइल पितो आणि आठवडाभर सोडत राहतो. अशा ‘गळती’साठी चांगला बसलेला फिल्टर काढून पुन्हा लावणारे मी पाहिले आहेत. गळत काहीच नव्हतं, नीट पुसलेलं नव्हतं एवढंच.

शिवाय डाग इंजिन ऑइलचाच आहे ना, हेही बघा. पांढऱ्या कागदावर बोट टेकवलं की कळतं. इंजिन ऑइल मधाच्या रंगापासून काळ्यापर्यंत कुठलंही असतं आणि बोटांमध्ये चोळलं की ओशट, जाडसर लागतं. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं. हिरवट किंवा गुलाबी, पाण्यासारखं आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. ते चाखून बघू नका, विषारी असतं. लालसर तेल बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं.

पुसणं आणि पुठ्ठा

आता मुख्य काम. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढलेला, चाकांना अडसर. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, म्हणजे नाहीच. जॅकचं सील कधी दगा देईल ते सांगून येत नाही. दोन्ही बाजूंना पक्के स्टँड लावा, गाडी हाताने हलवून बघा, मग आत जा.

ड्रेन बोल्ट आणि त्याच्या भोवतीचा हातभर भाग, फिल्टर आणि त्याच्या वरची इंजिनाची भिंत, तळपत्रा, हे सगळं ब्रेक क्लीनर मारून फडक्याने कोरडं ठणठणीत करा. इंजिन थंड असू द्या. ब्रेक क्लीनर पेट घेतो, तापलेल्या सायलेन्सरवर तो उडता कामा नये. कोरड्या झालेल्या जागी अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर हलकेच भुरभुरवा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची वाट रेघ ओढल्यासारखी उमटते आणि ती उलट वर शोधत गेलं की उगम सापडतो.

मग एक मोठा पुठ्ठा गाडीखाली सरकवा. त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने आखा आणि गाडीच्या तोंडाच्या दिशेने बाण काढा. पुठ्ठा बाहेर काढल्यावर डाग नेमका कशाच्या खाली होता हे नाहीतर आठवत नाही.

पहिली रात्र गाडी अजिबात चालू करू नका. या एका रात्रीत अर्धं निदान होतं. बंद इंजिनात ऑइलवर दाब नसतो, पण चेंबरमध्ये ते साचून असतं आणि ड्रेन बोल्ट त्याच्या तळाशी असतो. त्यामुळे बोल्ट, वॉशर किंवा चेंबरचं पॅकिंग गळत असेल तर गाडी उभी असतानाही थेंब पडतो. फिल्टरचं उलट असतं. तो दाबाच्या बाजूला असतो. इंजिन गरम होऊन आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) असताना दाब साधारण १ बारच्या आसपास राहतो, रस्त्यावर वेग घेतला की ३ ते ५ बारपर्यंत जातो. फिल्टरच्या रबरातून गळत असेल तर ते मुख्यतः इंजिन चालू असतानाच बाहेर येतं.

म्हणून सकाळी पुठ्ठा बघा. न चालवता डाग पडला असेल तर संशय आधी ड्रेन बोल्टवर. पुठ्ठा कोरडा असेल तर इंजिन चालू करून पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि बाजूने वाकून, टॉर्चने फिल्टरची कड बघा. चालू इंजिनाखाली शिरू नका, हात आणि कपडे पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा.

आणखी एक गोष्ट. धावत्या गाडीत वारा ऑइल मागे ढकलतो आणि वजन ते खाली नेतं. म्हणून थेंब जिथून पडतो तिथेच गळती असेल असं नाही. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका शोधायचा, उगम तिथे असतो.

ड्रेन बोल्ट

माझ्या पुठ्ठ्यावर न चालवताच डाग होता, बरोबर बोल्टच्या खाली. वॉशर नवं, बोल्टचे आटे साफ, आवळलंही पुस्तकात दिल्याप्रमाणे. मग ऑइल पुन्हा स्वच्छ भांड्यात काढलं आणि बोल्ट बाहेर घेऊन छिद्राभोवतीची जागा पुसून कोरडी केली. टॉर्च समोरून न धरता अगदी बाजूने, जागेला समांतर धरला. तेव्हा दिसलं की छिद्राभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ आहे. तिच्यावरून नख फिरवलं तर नख अडकलं.

ते जुनं वॉशर होतं. ॲल्युमिनियमच्या चेंबरला ॲल्युमिनियमचंच वॉशर, रंग तोच, वर्षानुवर्षांच्या दाबाने पार चपटं होऊन चिकटलेलं. चेंबरचाच भाग वाटत होतं. गाडी माझ्याकडे यायच्या आधीच कुणाच्या तरी हातून ते तिथे राहिलं होतं आणि मी दर वेळी नवं वॉशर त्याच्यावर चढवत होतो. पातळ चाकूचं टोक चेंबरला न टोचता त्या रेघेत घालून हलकेच उचकलं, तसं ते टक्‌कन सुटून तळहातावर पडलं. त्याच्या वरच्या बाजूला आधीच्या बोल्टांच्या कडांनी उमटवलेली वळी होती, एकात एक, झाडाच्या बुंध्यासारखी. त्या खडबडीत जागेवर नवं वॉशर कधी बसणारच नव्हतं. खाली चेंबरची मूळ जागा मात्र आरशासारखी स्वच्छ निघाली.

एकच नवं वॉशर घालून बोल्ट लावला. पुठ्ठा तीन रात्री ठेवला, तिन्ही रात्री कोरडा.

म्हणून बोल्ट काढल्यावर त्याच्याबरोबर वॉशर आलंय का, हे त्याच क्षणी बघा. आलं नसेल तर ते एकतर ऑइलच्या टबात पडलंय, नाहीतर वर चिकटलंय. टबात हात घालून शोधा, हातमोजे असतातच. सापडलं नाही तर छिद्राभोवती नख फिरवा.

वॉशर प्रत्येक वेळी नवं घालायचं. ॲल्युमिनियमचं किंवा तांब्याचं वॉशर दबूनच जागा भरून काढतं आणि एकदा दबलं की पुन्हा तसं दबत नाही. तांब्याचं वॉशर लाल होईपर्यंत तापवून थंड केलं की पुन्हा मऊ पडतं हे खरं आहे, पण ते अडचणीच्या वेळचं काम. काही गाड्यांत वॉशर बोल्टलाच जोडलेलं असतं, तिथे अख्खा बोल्ट नवा लागतो. काहींना धातूच्या कड्यात रबर बसवलेलं वॉशर असतं. त्याला ताकद कमी लागते आणि ते जादा आवळलं तर रबर फाटतं. तुमच्या गाडीला कुठलं लागतं ते बघूनच आणा. दोन वॉशर एकावर एक लावून गळती थांबवायचा प्रयत्न कधीच करू नका.

आवळायचं किती? लहान आणि मध्यम गाड्यांत हा आकडा बहुतेक वेळा २५ ते ४० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तोच धरा. आकड्याचा अर्थ हाताला कळावा म्हणून सांगतो: २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा भार दिला की ४० न्यूटन मीटर होतात. पाना ४० सेंटीमीटरचा असेल तर तेवढ्याच कामाला १० किलो पुरतात. लांब पाना किंवा पान्याला पाइप लावून आवळणाऱ्यांचे आटे का जातात ते यातून दिसतं. टॉर्क पाना, म्हणजे किती ताकदीने आवळतोय ते दाखवणारा पाना, या कामासाठी घ्यावाच. मी तो उशिरा घेतला, तुम्ही आधी घ्या.

आणि सुरुवात नेहमी बोटांनी. बोल्ट तीन-चार आटे तरी नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. अडखळला तर काढून पुन्हा लावा. वाकडा धरलेला बोल्ट पान्याने आत घातला तर तो जातो, पण जाताना चेंबरचे आटे कापत जातो.

फिल्टर

जी चूक माझ्या वॉशरची झाली तीच फिल्टरच्या रबराची होते, आणि इथे ती जास्त वाईट. डबा फिल्टर फिरवून काढताना कधीकधी त्याची रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहते. काळी रिंग, काळवंडलेला धातू, वर ऑइल, दिसत नाही. नवा फिल्टर स्वतःची रिंग घेऊन तिच्यावर चढतो. हाताला घट्ट लागतो, आयडलवर कदाचित थेंबही पडत नाही. मग एखाद्या थंड सकाळी ऑइल घट्ट असताना किंवा गाडी वेगात असताना दाब वाढतो, दोनातली एक रिंग सरकून बाहेर येते आणि ऑइल धारेने निघतं. चेंबर रिकामं व्हायला काही मिनिटं पुरतात. ड्रेन बोल्टचा थेंब महिनाभर सहन होतो, हे होत नाही.

उपाय पाच सेकंदांचा आहे. जुना फिल्टर हातात आला की तो उलटा करून रिंग त्याच्यावर आहे का बघा. नसेल तर ती इंजिनावर आहे. असली तरी बसायच्या जागेवरून फडकं आणि मग बोट पूर्ण गोल फिरवा. रिंगचा तुकडा तुटून राहिला असेल तर बोटाला लागतो.

रिंग अशी चिकटते कारण ती कोरडी लावलेली असते किंवा फिल्टर पान्याने पिळून आवळलेला असतो. नव्या रिंगला बोटाने ताज्या ऑइलचा पातळ हात द्या. मग रिंग इंजिनाला टेकेपर्यंत फिल्टर फिरवा, तिथे मार्करने फिल्टरवर एक खूण करा आणि खुणेकडे बघत बघत हातानेच साधारण पाऊण फेरा द्या. किती फेरा द्यायचा ते बहुतेक फिल्टरवर किंवा खोक्यावर छापलेलं असतं, त्याप्रमाणे जा. बेल्ट पाना फिल्टर काढण्यासाठी असतो, लावण्यासाठी नाही.

एवढं करूनही फिल्टरच्या कडेने ओल येत असेल तर फिल्टर त्याच इंजिनाचा आहे का ते तपासा. फिल्टरच्या आट्यांचे दोन प्रकार फार सर्रास आढळतात: एक २० मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा आणि दुसरा पाऊण इंचाचा, इंचाला १६ आट्यांचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पाऊण इंची दांड्यावर २० मिलिमीटरचा फिल्टर चढतो, पण ढिला बसतो आणि दाबाखाली निघूनही येऊ शकतो. फिल्टर फिरवताना तो दांड्यावर डुगडुगत असेल तर तिथेच थांबा. कधीकधी जुन्या फिल्टरबरोबर इंजिनातला आट्यांचा दांडाच सुटून येतो, तोही बघून घ्या. तो अर्धवट ढिला राहिला तर नवा फिल्टर कितीही आवळला तरी नीट टेकत नाही.

तुमच्या गाडीत डब्याऐवजी टोपणाखाली कागदी फिल्टर असेल तर गळतीचं कारण जवळजवळ नेहमी टोपणाची ओ-रिंग असते. टोपणावर दोन-तीन खाचा असतात आणि रिंग त्यांतल्या एकाच ठरलेल्या खाचेत बसते. जुनी रिंग काढण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा. फिल्टरच्या खोक्यात कधी दोन-तीन मापांच्या रिंगा येतात, जुनीशी ताडून बरोबर तीच घ्या. आवळण्याचा आकडा पुष्कळदा टोपणावरच कोरलेला असतो, बऱ्याच गाड्यांत तो २५ न्यूटन मीटर असतो. टोपण प्लास्टिकचं असतं. जादा आवळलं तर त्याला केसासारखी चीर जाते, आणि मग रिंग कितीही बदलली तरी तिथून पाझर चालूच राहतो.

हात न लावलेल्या जागा

बोल्ट कोरडा, फिल्टर कोरडा, तरी डाग. मग आधी पातळी बघा. जादा भरलेलं ऑइल फिरत्या क्रँकला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) लागून फेसाळतं, आतला दाब वाढतो आणि जुनी सीलं पाझरू लागतात. गाडीच्या पुस्तकात बहुधा दोन आकडे असतात, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. सगळं एकदम ओतू नका. थोडं कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवून फिल्टर भरू द्या, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा बुडवा आणि मग वरचं घाला. बऱ्याच गाड्यांत पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं, त्यावरून किती उरलंय याचा अंदाज येतो.

ऑइल भरायच्या झाकणाचं रबर कडक झालं की तिथून निघालेलं ऑइल इंजिनाच्या पाठीवरून उतरतं आणि खाली भलतीकडेच ठिपकतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंगही असंच फसवतं. ऑइल प्रेशरचा स्विच बऱ्याच इंजिनांत फिल्टरच्या शेजारीच असतो. तो गळत असला की दोष फिल्टरवर जातो, म्हणून पावडरीची रेघ स्विचपर्यंत जाते का ते नीट बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून थेंब पडत असेल तर क्रँकच्या मागच्या सीलचा संशय येतो. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते घरचं काम नाही.

आटे गेले असतील तर

बोल्ट आवळताना घट्ट होत होत अचानक मऊ पडला, किंवा नुसताच फिरत राहिला, तर आटे गेले. काढलेल्या बोल्टच्या खाचेत चांदीसारख्या चकचकीत तारा अडकलेल्या दिसतील, ते चेंबरचे आटे. अशा बोल्टवर गाडी चालवू नका, हादऱ्याने तो पडू शकतो.

टेफ्लॉनची टेप गुंडाळून काम भागवू नका. तिचे तुकडे आत जाऊन ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसू शकतात, आणि आटे धरत नसतील तर टेप बोल्टला धरून ठेवणार नाही. थोडा मोठा, स्वतःच आटे कापत जाणारा बोल्ट मिळतो, पण तो हाताने सरळ घालणं अवघड आणि कापलेला चुरा आत पडतो. चांगली दुरुस्ती म्हणजे छिद्र मोठं करून त्यात पोलादी आट्यांचं इन्सर्ट बसवणं, शक्यतो चेंबर उतरवून, म्हणजे चुरा बाहेर राहतो. नाहीतर चेंबरच बदलायचं.

गाडी चालवताना किटलीचा लाल दिवा लागला तर कारण शोधत बसू नका. बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा आणि पट्टी बघितल्याशिवाय पुन्हा चालू करू नका. दाब नसताना चालवलेल्या इंजिनात बेअरिंग खराब व्हायला वेळ लागत नाही.

हल्ली मी ऑइल बदलायला घेतलं की कामाच्या जागी एक पांढरं फडकं अंथरतो. जुना बोल्ट, जुनं वॉशर, जुना फिल्टर आणि त्याची रिंग त्यावर मांडतो आणि चारही दिसल्याशिवाय नव्या भागांची पुडी फोडत नाही. काम झाल्यावर सगळं पुसून पुठ्ठा सरकवतो. पहिल्या रात्रीचा पुठ्ठा बाजूला ठेवतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीचा बघतो. शंभरेक किलोमीटर झाल्यावर पट्टी एकदा काढतो आणि टॉर्च घेऊन फिल्टरच्या कडेवर आणि बोल्टच्या डोक्यावर नजर टाकतो. जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे देतो, गटारात किंवा मातीत एक थेंबही जाऊ देत नाही. टबाच्या तळाशी उरलेलं ओतण्याआधी त्यात एकदा बोट फिरवून घेतो, वॉशर तिथे राहिलेलं असू शकतं.